नागूअण्णांनी नाकारलेले चाकू

नोकरीच्या पहिल्याच दिवशी नागूअण्णांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, खिशात चाकू हाय का?"

मला वाटलं, झडती घेतायत. मी घाबरून म्हणालो, "छे हो, चाकू कशाला असेल?"

"न्हाय? मग जकात नाक्यावर काय नुसत्या पावत्या फाडायला आलाय व्हय?"

आता मी पावत्या फाडायलाच आलो होतो. कारकुनाला दुसरं काय काम? पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. पुढं चार वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसलो, आणि हिंमत शेवटपर्यंत झाली नाही, हेही सांगून टाकतो.

आमचा नाका सोलापुराबाहेर, पुण्याच्या रस्त्यावर. एक पत्र्याची खोली, एक आडवा बांबू आणि दिवसभर ऊन. मोहोळकडून, टेंभुर्णीकडून लॉऱ्या यायच्या. मी पावत्या लिहायचो आणि नागूअण्णा माल तपासायचे. मूळचे मोहोळकडचे, घरी मेंढरं. अंगाने काटक, मिशा पांढऱ्या आणि डोळे सतत बारीक केलेले. तपासायला त्यांच्याकडे हत्यार एकच, खिशातला मिटवायचा चाकू. पोत्याची शिवण उसवायची, हात आत घालायचा, मूठभर माल काढून हुंगायचा. बाकीचे शिपाई लॉरीभोवती एक चक्कर मारून हातानंच 'जाऊ दे' म्हणायचे. अण्णा आधी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचे. ड्रायव्हर हसला की संपलंच. "हसतोय म्हंजे कायतरी हाय," असं म्हणून ते लॉरीवर चढायचे. ड्रायव्हर हसला नाही तर म्हणायचे, "त्वांड का पाडलंय ह्यानं? कायतरी हाय."

संशय हा त्यांचा धंदा होता असं म्हणावं, तर धंदा संध्याकाळी सुटतो. यांचा सुटत नसे. एस्टीत बसण्याआधी ड्रायव्हरच्या पायांकडे बघून यायचे, की चप्पल अंगठ्यात नीट धरलीय का. ज्योतिष्याला हात दाखवायचे तो दुसऱ्याचा पुढं करून. देवळात गेले तरी चपला काखेत. मी एकदा म्हटलं, "अण्णा, देवापुढं तरी!" तर म्हणाले, "देवावर इस्वास हाय की. पर चपला देव कुटं राखतोय?"

पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून पुढचं सगळं सांगावंसं वाटतं. एकदा मोहोळहून कांद्याची लॉरी आली. अण्णांना एका पोत्याची शिवण फार सरळ वाटली. "कांद्याच्या पोत्याला इतकी निगुतीनं कोन शिवतंय? आत डबं हायती शेंगतेलाचं." पोतं फोडलं, आत कांदे. दुसरं फोडलं, कांदे. चांगली चाळीस पोती फोडली आणि सगळीकडे कांदेच. ड्रायव्हर बांबूला टेकून मनसोक्त हसत होता. दुसरा कोणी असता तर गुरकावून निघून गेला असता. अण्णांनी काय करावं? खोलीतून दाभण आणि सुतळी आणली आणि चाळीसच्या चाळीस पोती भर उन्हात स्वतः शिवून दिली. बोटं सोलपटली. ड्रायव्हर शेवटी हसायचा थांबला, स्वतःच पाणी घेऊन आला. मी म्हटलं, "अण्णा, शिवायला हमाल होता की." ते म्हणाले, "संशय आपला, तर शिवन बी आपलीच."

मी त्या दिवसापासून त्यांना मानायला लागलो.

मलाही चाकू घ्यावाच लागला. सहा महिने ऐकून ऐकून कंटाळलो आणि एका मंगळवारी त्यांच्याबरोबर मंगळवार बाजारात गेलो. तिथं तरट अंथरून एक म्हातारे चाचा चाकू, कात्र्या, अडकित्ते विकायला बसायचे. मला पितळी मुठीचा एक चाकू बघताक्षणी आवडला. झगझगीत. उचलणार, तर अण्णांनी मनगट धरलं.

"ठिवा खाली. लई चकाकतोय."

"मग काय गंजका घेऊ?"

"चकाकी लोखंडाची नसती भाऊसाहेब, पालिशची असती. पालिश कशापायी करत्यात? झाकायला."

मग त्यांनी चाकू कसा घ्यायचा ते दाखवलं. आधी मिटलेला चाकू कानाशी धरून हलवायचा. खुळखुळला, तर खिळा सैल. मग नखानं उघडायचा. नख दुखलं तर नको, आणि आपोआप उघडला तर मुळीच नको, कारण तो खिशातही आपोआप उघडणार. उघडून आभाळाकडे धरायचा आणि पातं अन् मूठ यांच्यामधून उजेड दिसतो का बघायचं. पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे दाबायचं. शेवटी एक सुतळी एका ओढीत कापायची, दोन ओढी लागल्या तर परत तरटावर. पातं चार बोटांपेक्षा लांब नको. "त्येच्याफुडं नुसतं भांडानच करता येतं." खटक्याचा चाकू नको, कारण पोलीस विचारतो, आणि पोलिसानं विचारलं की खरा माणूससुद्धा खोटं बोलायला लागतो. आणि महाग तर अजिबातच नको. "म्हाग चाकू घ्येतला की चाकू आपली कामं करत न्हाय, आपुन चाकूची राखन करत बसतो. हारवला तर एक दिस हळहळ वाटावी, दुसऱ्या दिशी न्हाय, असा घ्यावा."

चाचा हे सगळं बघत पान चघळत होते. म्हणाले, "इत्ता देखके तो लोगां बैल भी नै लेते, अन्ना."

"बैल उभा ऱ्हातो की बघायला," अण्णा म्हणाले. "ह्यो मिटतोय."

तासाभरानं मला लाकडी मुठीचा एक काळपट चाकू मिळाला. चाचांनी तो माझ्या हातात दिला नाही, तरटावर ठेवला आणि मी उचलला. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. अण्णांचं आणि चाचांचं भांडण तरीही दर वेळी व्हायचंच. तो चाकू मी पुढं किती वर्षं वापरला म्हणून सांगू!

आता मुद्द्यावर येतो. अण्णांना एकच मुलगी, काशी. आम्ही भवानी पेठेत एकाच गल्लीत राहायचो, त्यामुळं येणं-जाणं होतं. काशी चादरीच्या कारखान्यात काठ शिवायला जायची. रंगानं सावळी, बोलायला तिखट, आणि वय चोविसाच्या पुढं गेलेलं. त्या काळात चोवीस म्हणजे गल्लीतल्या बायका पदराआड बोलायला लागायच्या. स्थळं येत होती. येत होती आणि जात होती, कारण अण्णा. आता काशीला उजवायची तर वर्षा-दोन वर्षांत, नाहीतर बिजवराच्या गळ्यात, अशी वेळ येऊन ठेपली होती. हे त्यांच्या घरी सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

जावई कसा पारखायचा याची अण्णांनी स्वतःची एक रीत काढली होती. पत्रिका त्यांना नको. "पत्रिका लिवनारा बी मानूसच की." पगार नको, घरदार नको. मुलगी बघून झाली, मुलाकडून होकार आला, की ते मुलाला मंगळवारी सोलापूरला बोलवायचे आणि सहज सांगावं तसं म्हणायचे, "मला एक चाकू घ्याचाय. चला की जरा. तुमीच निवडा." आणि मला डोळ्यांनी खूण करायचे, की तुम्हीपण चला. दुसरा साक्षीदार लागतो ना!

पहिल्यानं पितळी मुठीचा उचलला. झालं, स्थळ मोडलं. दुसरा चाचांना म्हणाला, "तुम्हीच द्या चांगला बघून." परत येताना अण्णा मला म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यानं बघतोय. उद्या बायकूकडं बी आईच्या डोळ्यानंच बघंल." तिसऱ्यानं चाकूकडे पाहिलंच नाही, भाव पाडत बसला, तो इतका की शेवटी चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी स्वतः मूळ भाव देऊन चाकू घेतला आणि पाहुण्याला एस्टीत बसवून दिलं.

हे तिन्ही चाकू नाक्यावरच्या टेबलाच्या खणात पडून असायचे. आम्ही त्यांनी कलिंगडं कापायचो, सुतळ्या तोडायचो. पितळी मुठीचा पावसाळ्यात गंजला, हे मात्र खरं. "जावई नाकारला म्हनून चाकू कशाला टाकायचा," असं अण्णा म्हणायचे, पण स्वतः त्यातल्या एकालाही हात लावत नसत.

चौथा तानाजी. टेंभुर्णीला एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत होता. अंगात साधा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. चाचांनी आम्हांला लांबूनच ओळखलं. "आओ अन्ना! ये कित्ते नंबर का है?"

अण्णांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. तानाजी तरटाशी उकिडवा बसला. त्यानं मिटलेला चाकू उचलला आणि, अहो काय सांगू, सरळ कानाशी नेला! मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांचे बारीक डोळे चक्क उघडले होते. तानाजीनं एकेक करत सात चाकू कानाशी हलवले, चार बाजूला टाकले. उरलेले उघडून आभाळाकडे धरले. पाती दाबून पाहिली. खिशातून स्वतःचीच सुतळी काढली आणि कापून पाहिली. मग तीनही चाकू खाली ठेवून चाचांना विचारलं, "चाचा, तुम्ही स्वतः कुठला वापरता?"

चाचा दचकले. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नसावं, अण्णांनीही नाही. त्यांनी मांडीखालून एक शिंगाच्या मुठीचा जुना चाकू काढून तरटावर ठेवला. तानाजीनं तो नीट पाहिला आणि म्हणाला, "ह्याच्यासारखा द्या."

मी मनात म्हटलं, सुटली एकदाची काशी! गुरूला गुरू भेटला. संध्याकाळी पेढे घेऊनच अण्णांच्या घरी गेलो. तर दारातच त्यांनी सांगितलं, "न्हाई म्हनून कळवलं."

"अहो पण का? त्यानं तुमच्याहून चांगला निवडला!"

"म्हनूनच." अण्णा भिंतीला पाठ लावून खाली बसले. "लई तपासतोय. संशयी मानूस हाय. असल्याच्या घरात पोरगी सुकानं ऱ्हायची न्हाय."

मी पेढ्यांचा पुडा घेऊन तसाच उभा. काशी आतल्या दाराशी होती, तिचं तोंड उतरलेलं. मुलगा तिला आवडला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि तेव्हा रखमाकाकू बाहेर आल्या. रखमाकाकू म्हणजे अण्णांच्या बायको. तोवर मी त्यांचा आवाज फक्त एकाच वाक्यात ऐकला होता. रोज संध्याकाळी अण्णा दारात विचारायचे, "कोन आलतं?" आणि त्या आतून म्हणायच्या, "कुनी न्हाय." तीस वर्षं रोज हा प्रश्न आणि रोज हे उत्तर.

त्या म्हणाल्या, "अवो, तुमी संशयीच हायसा की. मी ऱ्हायली न्हवं? कवा तकरार केली का?"

"केली न्हाईस," अण्णा म्हणाले. "म्हनूनच तर संशय येतोय."

माणूस तीस वर्षं बायकोच्या गप्प बसण्याकडे संशयानं बघत होता! मला हसू यायला हवं होतं, पण मी हातातला पुडा उंबऱ्यावर ठेवून दिला.

काकूंनी पदर खोचला. "बरं. मंग आज करते. रोज तुमच्या आदी मला दूध प्यायला लावलंसा. माझा भाऊ आला तर तेची पिशवी उगडून बघितलीसा, त्यो परत आला न्हाय. येसीला शेजारनीसंगं बोलत हुबी ऱ्हायली तर काय बोलली म्हनून इचारलंसा. लई रडली मी. मोरीत बसून रडली. तुमास्नी कळलं न्हाय, कारन तुमी समदं हुंगलंसा, पर मोरीत कोन रडतंय त्ये बघितलं न्हाईसा." एवढं बोलून त्यांना दम लागला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हात उगारला न्हाईसा. पोरीला कारखान्यात धाडलंसा, गावानं नावं ठिवली तरी. त्ये बी सांगते. आता पोरीला इचारा. आजवर न्हाय इचारलं."

अण्णांनी मान वर केली ती काशीकडे. "तुला पायजे त्यो?"

"पायजे," काशी म्हणाली. "तपासू दे की मला. मी काय खोटी हाय व्हय? आन् मी बी त्येला तपासून घीन."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं टेंभुर्णीला गेलो. तानाजी कचेरीच्या ओट्यावर बसला होता. अण्णांनी सरळ सांगितलं, की आमचा होकार आहे. तानाजीनं डोळे बारीक केले. हो, अगदी तसेच.

"मंगळवारी नाही म्हणालात. आज हो म्हणताय. मधे काय झालं?"

"कायबी न्हाय."

"काहीतरी झाल्याशिवाय माणूस पंचवीस कोसांवरून येत नाही. दुसरं स्थळ मोडलं का? मुलीत काही खोट आहे का?"

मी पुढं सरसावलो. म्हटलं, "अहो छे, मुलगी म्हणजे लाखात एक, मी स्वतः रोज बघतो..." अण्णांनी माझा हात दाबला. "भाऊसाहेब, गप ऱ्हावा. गोड बोलाल तितका त्येचा संशय वाडंल. मला ठाव हाय की." मग ते तानाजीसमोर उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची पोती उसवणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांचे हात नुसते लोंबत होते. म्हणाले, "खोट हाय. पर पोरीत न्हाय, माज्यात हाय. तू माज्यासारका निगालास म्हनून न्हाई म्हनलो. माजी बायकू माज्यासंगं नांदून रडली. माजी पोरगी तुज्यासंगं रडंल म्हनून भ्यालो."

"हे खरं कशावरून?"

"कशावरनं बी न्हाय," अण्णा म्हणाले. "पुरावा न्हाय माज्याकडं."

तानाजीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पातं बघावं तसं. मला तर वाटलं, गेलं हेही स्थळ हातचं. शेवटी म्हणाला, "मग मी तिलाच विचारतो. एकटीला. तुम्ही कोणी जवळ नको."

एकटीला! त्या दिवसांत भवानी पेठेत असं कोणी बोललं असतं तर गल्ली गोळा झाली असती. अण्णांनी नुसती मान डोलावली.

दोन दिवसांनी तो आला. रखमाकाकू मागच्या पडवीत भाकरी थापत होत्या. काशी आणि तानाजी पुढच्या खोलीत, दार पुढं लोटलेलं, आणि मी आणि अण्णा बाहेर पायरीवर. गल्लीत मागाची खटखट चालू होती. मी कान देऊन बसलो होतो, लाज कशाला वाटावी, चार वर्षं अण्णांच्या हाताखाली काढलेली. आतून काशीचा आवाज आला, "पयलं मी इचारनार, मंग तुमी." तानाजी काहीतरी पुटपुटला. मग दोघांचेही आवाज खाली गेले. मी पायरीवरून सरकत सरकत खिडकीखाली आलो.

अण्णा उठले. मला वाटलं, तेही ऐकायला येतायत. त्यांनी खिडकीचं दार बाहेरून ओढून घेतलं.

"चला भाऊसाहेब, चौकात जाऊन यू."

"आत्ता? त्यांना असंच सोडून?"

"व्हय."

"अण्णा, पण आत काय बोलतायत, काय ठरवतायत..."

"त्येंचं त्येंनी बघू दे," ते म्हणाले आणि चालायला लागले.

गल्लीच्या टोकापर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मी दोनदा पाहिलं.